खाचेतलं पॉलिश

१२ जानेवारी

धाकट्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते आधीच बघून घे. पुढे कुठे सापडेल म्हणून शोधत बसू नकोस.

आईच्या फोनवर मी नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी तू फोन ठेवतोस. दोन वर्षं हेच चाललंय. पत्राचं तसं नसतं. पत्र फाडावं लागतं, आणि फाडायच्या आधी माणूस एक नजर टाकतोच. तुझा पत्ता आईने दिला. तोही सरळ दिला नाही. पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं, कागद टेबलावर टाकला आणि "माझा नाही हो तो कागद," असं म्हणत आत निघून गेली. ती माझ्याशी बोलते, पण 'दार लाव', 'दिवा घालव' एवढंच. तेही तुझ्यामुळे.

सांगायचं एवढंच, की वर्कशॉपमध्ये एक खोकं आलंय. त्यात इलेक्ट्रिक गिटार आहे, सुट्या भागांत. बॉडी कोरी, मान वेगळी, बारक्या पिशव्यांत स्क्रू, खुंट्या, तारा आणि केसांच्या गुंत्यासारख्या वायरी. घरी जोडा, घरीच रंगवा म्हणे. मी मागवली. तुझ्यासाठी नाही. सध्या फर्निचरचं काम कमी आहे, हाताला चाळा हवा म्हणून मागवली. तुझी आधीची तुटली म्हणून ताईने ही मागवली, असा सोयीचा अर्थ काढू नकोस.

ज्याने ही बॉडी कापली त्याला एकदा आपल्या वर्कशॉपमध्ये आणून उभा करायला हवा. कडांना करवतीचे दात तसेच, पाठीला मशीनच्या रेघा. मिस्त्रींनी हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, याला पेपर मारायचा की याची माफी मागायची?" मी सगळी घासायला घेतली आहे. आधी जाड पेपर, मग मधला, मग बारीक. बाहेरून घासणार तशी आतूनही घासणार. वायरी जिथे लपतात तो खड्डा, मान बसते ती खाच, सगळीकडे सीलर आणि वर लॅकर पॉलिशचे तीन हात. बाबा काय म्हणायचे ते तू विसरला असशील, म्हणून लिहिते. दिसतं तेवढंच घासतो तो मजूर, दिसत नाही तेही घासतो तो कारागीर.

तू ते विसरलास आणि त्या दातांच्या डॉक्टरच्या कपाटाचे सोळा ड्रॉवर बाजूंनी कोरे ठेवलेस. माझ्या नावाने बाहेर पडणारं कपाट, आणि बाजू कोऱ्या! वर विचारलं तर "ते तसंच असतं" म्हणून मलाच उत्तर. म्हणून मी बोलले. चार माणसांसमोर बोलले हे खरं, पण काम चार माणसांत बिघडवलंस तर बोलणीही चार माणसांतच खाशील. त्यावर चपला घालून घर सोडून जायचं? एवढा राग? रागाचा ठेका या घरात माझ्याकडे आहे.

तू परत यावंस असं मला वाटतं, असं मी या पत्रात कुठेही लिहिणार नाही.

ताई


३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "मानेच्या खाचेत पॉलिश मारू नकोस. कोरी ठेव." सात शब्द!

दोन वर्षांनी तोंड उघडलंस आणि त्यातून निघालं काय, तर पॉलिशबद्दलची सूचना. वर 'ताई' नाही, मध्ये 'कशी आहेस' नाही, खाली सहीसुद्धा नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तुला पेपरची घडी कशी घालायची ते कोणी शिकवलं? स्प्रे गन धरताना मनगट थरथरायचं तेव्हा मागून हात कोणी धरला? आणि आता कुठल्यातरी हॉलमध्ये माइकच्या वायरी गुंडाळणारा तू मला सांगणार, पॉलिश कुठे मारायचं आणि कुठे नाही! गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती हीच.

आईने ते कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं, चष्मा लावून तीनदा वाचलं आणि स्वतःच्या कपाटात ठेवून कपाटाला किल्ली लावली. मी म्हटलं, "त्यात आहे काय एवढं?" तर म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे." मग डोळे पुसायला लागली. मी वर्कशॉपमध्ये निघून आले. तिथे पॉलिशवाल्या लंबूने थिनरचा डबा उघडा ठेवला होता, त्याच्यावर ओरडले. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, मला कळतंय, पण डबा उघडा होताच.

आता नीट वाच. बॉडीला रंग दिला. निळा. लाकडाला निळा रंग देणं मला आजही पटत नाही. देवाने लाकडाला रेषा दिल्या त्या काय निळ्या करायला? पण निळा रंग वर्कशॉपमध्ये पडून होता, तो संपवायचा होता. मिस्त्री म्हणाले, "पडून होता? डबा तर काल फोडलात." या वयात त्यांची नजर इतकी तीक्ष्ण असायची काही गरज नाही. रंग स्पिरिटमध्ये पातळ करून फडक्याने चोळला, म्हणून रेषा बुजल्या नाहीत. उजेडात धरली की कडेला गडद आणि पोटाला फिकी दिसते. तू कुठल्यातरी मासिकातून कापून भिंतीला चिकटवलेल्या चित्रात होती तशी. ते चित्र मी काढलेलं नाही. कारण ते काढलं तर भिंतीचा रंग निघेल, दुसरं काही नाही.

आणि खाचेत पॉलिश मारलं. तीन हात ठरले होते, तुझं कार्ड आल्यावर चौथाही मारला. मानेचं बूड खाचेत बसतं, त्यालाही चार हात. काचेसारखी झाली आहे खाच. बोट घातलं तर बोटाचं प्रतिबिंब दिसतं. कोरी ठेव म्हणे!

आता तीन आठवडे सुकू देणार. हवा दमट आहे, घाई करून चालत नाही. घाई करायची सवय तुला, मला नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

मान बसत नाही.

खूश झालास? हस. मोठ्याने हस.

हे मी तुला कळवायचंही नव्हतं, पण मुका तुला फोन करून सांगेलच. त्याचं नाव मुका कोणी ठेवलं त्याला शोधतेय मी. अख्ख्या वर्कशॉपची बातमी त्याच्या तोंडून बाहेर जाते.

सकाळी मान खाचेवर ठेवली, दाबली, आत जाईना. मला वाटलं, तिरकी धरली असेल. सरळ धरली. तरी जाईना. मिस्त्री म्हणाले, "ताई, जरा खरवडून घ्या." म्हटलं, मी चार हात दिलेत ते खरवडायला दिलेत का? कापणाऱ्याने माप चुकवलंय, माझं पॉलिश चुकलेलं नाही. मग लाकडी हातोडी घेतली. खाली फडकं ठेवलं आणि मारली. मान केसभर खाली गेली. मला जोर आला. दुसरी मारली, तिसरी मारली. चौथीला कट्ट असा आवाज झाला.

बॉडीचं जे पातळ शिंग मानेच्या बाजूला येतं, तिथला टवका उडाला. नखाएवढा. निळ्यात पांढरं लाकूड उघडं पडलं आणि लॅकरला तिथून खालपर्यंत तडा गेला. सहा आठवड्यांची घासाघीस चार फटक्यांत पाण्यात. तो टवका मी गुडघ्यांवर बसून भुश्शातून शोधून काढला. लंबू मदतीला वाकला तर त्याला म्हटलं, "हात लावू नकोस!" मिस्त्रींनी पंखा बंद केला, टवका उडून जाऊ नये म्हणून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू कार्ड पाठवलं नसतंस तर मी कदाचित तीनच हात मारले असते. तीन हातांनी बसली असती. म्हणजे चूक कोणाची झाली?

पुढे लिहवत नाही.


२५ फेब्रुवारी

कालचं पत्र टाकलेलं नाही. हे त्याच्याच पाकिटात घालते आहे.

रात्री झोपले, सकाळी उठले, आणि उठल्यापासून माझा स्वतःवरचा राग काही केल्या दुसऱ्या कोणावर ढकलता येईना. आईवर ढकलून पाहिला, तिने ऐकूनच घेतलं नाही. म्हणून तुला सांगते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही, तेव्हा एका दमात लिहिते.

दातांच्या डॉक्टरचं कपाट. तू ड्रॉवरच्या बाजू कोऱ्या ठेवून त्यांवर मेणबत्ती घासली होतीस. मी म्हटलं होतं, मेणबत्ती घासून पॉलिश वाचवतोस, कामचुकार आहेस, बाबांचं नाव बुडवायला निघालास. मग त्याच संध्याकाळी लंबू आणि मुक्याकडून सोळाही ड्रॉवरना चारी बाजूंनी दोन दोन हात मारून घेतले आणि कपाट पाठवून दिलं.

ते ड्रॉवर अडकले.

बारा दिवसांत डॉक्टरचा फोन आला. दमट हवेत पॉलिश पॉलिशला चिकटलं होतं. एक ड्रॉवर ओढताना मूठच हातात आली म्हणाला. फोन मी घेतला, सुदैवाने आजूबाजूला कोणी नव्हतं. 'सुदैवाने' हा शब्द बघ मी कसा लिहिला. मी डॉक्टरला म्हटलं, माणूस पाठवते. पाठवला नाही. रविवारी मीच गेले, पिशवीत पटाशी, पेपर आणि मेणबत्ती घेऊन. त्याच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्च्या बाजूला सारून, जमिनीवर बसून सोळा ड्रॉवरच्या बाजू कोऱ्या खरवडल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मग मेण घासलं. मग एकेक ड्रॉवर आत सारला, आणि तो एका बोटाने आत गेला.

तू सांगितलं होतंस तसं. एका बोटाने.

तुला जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. त्याच संध्याकाळी फोन करता आला असता. तेव्हा तू माझा फोन उचलतही होतास, आठवतंय? मी केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बसले. कोणाला कळलं नाही तर झालंच नाही, असं दोन वर्षं स्वतःला सांगितलं. आणि त्या दोन वर्षांत जो कोणी विचारेल त्याला सांगत राहिले, धाकटा कामात कच्चा होता, बोललेलं सोसलं नाही, निघून गेला. नातेवाइकांना सांगितलं. गिऱ्हाइकांना सांगितलं. आईलाही तेच सांगितलं.

आणि गिटार. पहिल्या पत्रात मी लिहिलं, आधीची तुटली. ती मी तोडली. दाराजवळच्या खिळ्यावरून काढली आणि टेबलाच्या कडेवर आपटली. पहिल्या फटक्यात ती तुटली नव्हती. पहिल्या फटक्यानंतर मी तुझ्याकडे बघितलं, तू हात पुढे केला होतास, आणि तरी मी दुसरा फटका मारला. लोक म्हणतात रागात माणसाला भान राहत नाही. मला भान होतं. तुला सगळ्यात जास्त काय लागेल ते मला नेमकं ठाऊक होतं, आणि मी तेच उचललं.

काल हातोडी मारतानाही मला ठाऊक होतं. पहिल्या फटक्यालाच समजलं होतं की पॉलिश जाड झालंय. तरी मारली. तू बरोबर ठरू नयेस म्हणून मारली. एवढी मोठी बाई मी, केस पांढरे व्हायला लागले आणि अजून ही खोड जात नाही. लाज वाटते, आणि लाज वाटली की मला रागच येतो, दुसरं काही येतच नाही.

टवका सरसाने चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवलाय. खाच उद्या खरवडणार. कोरी करणार.

माझं चुकलं.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

पत्र टाकून बावीस दिवस झाले. उत्तर नाही.

पहिले चार दिवस मी समजून घेतलं. पाचव्या दिवसापासून माझं डोकं फिरायला लागलं. आतापर्यंत मी आयुष्यात कोणाला 'माझं चुकलं' लिहून दिलेलं नाही. बाबांनासुद्धा नाही. तुला दिलं, सहीसकट, आणि तुझ्याकडून सात शब्दही येऊ नयेत? खाचेत पॉलिश मारू नकोस म्हणायला कार्ड मिळतं, आणि याला मिळत नाही?

अशीच चरफडत मी काल तारा चढवत होते. गिटार जोडून झाली आहे. खाच खरवडली, मानेचं बूडही खरवडलं. मग मान ठेवली आणि तळव्याने दाबली, तर आपल्या जागी जाऊन बसली. हललीही नाही. चार स्क्रू पिळले. वायरींचं सोल्डरिंग मीच केलं, दोन बोटं भाजली. टवक्याची रेघ राहिली आहे. कितीही घासली तरी जवळून दिसते, आणि मी ती आता रंगाने बुजवणार नाही. पहिली तार छेडली तेव्हा आई आतून म्हणाली, "बेसूर आहे." दोन महिन्यांत, दार आणि दिवा सोडून, आपणहून माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

तर तारा चढवताना मी मिस्त्रींना म्हटलं, "बघा, एवढी कबुली दिली, तरी साहेब गप्प."

मिस्त्री हातातलं फडकं पिळत म्हणाले, "कुठे दिली?"

"पत्रात."

"पत्र कोणी ऐकलं?" ते म्हणाले. "बोललात तेव्हा आम्ही चौघं इथे उभे होतो, ताई. गिटार आपटलीत तेव्हाही आम्ही होतो. पाकिटात घालून माफी मागितलीत, ती एकट्या पोस्टमनने नेली."

मला संताप आला. मिस्त्री बाबांच्या वेळचे, त्यांना काही बोलताही येत नाही. मी तार तशीच सोडली. ओरडून सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. लंबू आला, मुका आला, गोणपाट शिवणारी मावशी आली. त्या दिवशी होते तेच चौघं. सगळ्यांना वाटलं, आता कोणाचा तरी बळी जाणार.

मी म्हटलं, "दातांच्या डॉक्टरचे ड्रॉवर माझ्यामुळे अडकले होते. धाकटा बरोबर होता. मी त्याला तुमच्यासमोर कामचुकार म्हटलं आणि त्याची गिटार फोडली. चूक माझी होती."

बोलताना आवाज चढलेलाच होता. माफी मागतेय की दम देतेय, ऐकणाऱ्याला कळलं नसतं.

मग लंबू पायाकडे बघत म्हणाला, "ते आम्हाला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"ड्रॉवरचं," मुका म्हणाला. त्याला कोण थांबवणार! "त्या डॉक्टरकडे माझी दाढ होती ना. तुम्ही रविवारी जाऊन खरवडलं, ते त्यानेच सांगितलं मला. माझं तोंड उघडं होतं, मला उलट काही विचारता येईना, तो सगळं सांगत बसला."

दोन वर्षं! दोन वर्षं मी या लोकांसमोर नाक वर करून फिरतेय, आणि सगळे मूग गिळून माझ्या पगारावर काम करतायत! मी विचारलं, "धाकट्याला सांगितलंत?"

मिस्त्री म्हणाले, "त्याच आठवड्यात."

"मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, ताई स्वतः सांगेल. थोडे दिवस जाऊ देत."

धाकट्या, हे ऐकल्यावर मी टेबलाची कड धरून उभी राहिले. मी तुझ्यावर रागावून बसले होते, आणि तू माझी वाट बघत होतास. त्यानंतरही महिनाभर तू फोन उचलत होतास. मला वाटायचं, राग ओसरला म्हणून उचलतोयस. तू रोज ऐकत होतास, आज तरी ताई सांगते का. आणि मी काय बोलत होते तुझ्याशी? वर्कशॉपची किल्ली कुठे ठेवलीस, आणि आईशी नीट बोल. म्हणून तू फोन उचलायचा बंद केलास. मला आता कळतंय. इतकं सरळ होतं, आणि मला दोन वर्षं लागली.

अजून राग आहेच. तूही तोंड उघडायला हवं होतंस. फोनवर एकदा म्हणायचंस ना, ताई, मला माहीत आहे. पण ते तू का म्हणावंस? मारायचं मी आणि आठवण तू करून द्यायची?

मी पार्सल करणार नाही. कागदाच्या खोक्यात घालून, 'नाजूक माल' लिहून, तिसऱ्याच्या हातात देऊन मोकळं व्हायचं, ते मला जमणार नाही. गाडीचं तिकीट काढलंय. आईला चल म्हटलं तर म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा, मी नंतर येते." मग स्वतःच्या दोन जुन्या साड्या काढल्या आणि गिटारला गुंडाळायला लागली. मी म्हटलं, एक पुरे. तिने दुसरीही गुंडाळली.

येत्या रविवारी सकाळी दहाला तुझ्या दाराशी असेन. हे पत्र आधी पोचेल, म्हणजे तुला पळून जायला वेळ आहे. पळालास तर मी जिन्यात बसून राहीन. घरात असूनही दार उघडलं नाहीस, तर तोही तुझा हक्क आहे, मी ढकलणार नाही. पण मला जे बोलायचं आहे ते मी बंद दाराशीही बोलणार, आणि हळू बोलणार नाही. तुझ्या मजल्यावरच्या सगळ्यांना दारं उघडून बाहेर येऊ दे. वरच्यांना खाली येऊ दे. ड्रॉवरपासून सुरू करीन आणि दुसऱ्या फटक्यापर्यंत सगळं सांगीन. एवढा मोठा आवाज मला आहेच, तुझ्यावर ओरडून ओरडून झालेला, आता तोच वापरीन.

ताई